वाकडा धुरा

सरळच सांगतो, माहा स्वभाव तापट आहे. कोकिळा, म्हणजे माही बायको, पन्नास वर्षांपासून म्हणून राह्यली की तुमच्या नाकावर राग ठेवलेलाच असतो. असन. पण एका गोष्टीत माह्या नावाले कोणी बोट लावू शकत नव्हतं. अमडापूरच्या शिवारात कोणालेही विचारा, वामनरावनं कधी कोणाचा धुरा कोरला का? उभ्या जन्मात नाई. दोन वावरांच्या मधात जी मातीची वरंब असते त्याले आम्ही धुरा म्हणतो. दरसाल नांगरताना फाळ जरासा तिकडं दाबला की वितीवितीनं शेजाऱ्याची जमीन आपल्याकडं सरकते. असे उद्योग करणारे लय आहेत. मी त्यातला नाई. अन् माहा शेजारी कादर, तोही त्यातला नाई, असं मी चाळीस वर्षं छातीठोक सांगत होतो.

म्हणून चैत्रात ज्या दिवशी मले धुरा वाकडा दिसला, त्या दिवशी माहा माह्यावरच विश्वास बसला नाई.

वावर उघडं होतं. तुरीच्या वाळल्या काड्या, तुराट्या, निघाल्या होत्या, नांगरट झाली होती. मावळतीकडं हद्दीचा दगड आहे, त्याच्या बाजूले कडुलिंब. तिथं उभं राह्यलं की उगवतीच्या दगडापर्यंत धुरा आखल्यासारखा दिसतो. त्या दिवशी पाह्यलं तं तो मधात फुगलेला, माह्या वावरात पोट घालून. मी डोळे चोळले. पुन्हा पाह्यलं, फुगलेलाच. जवळ जाऊन पाहावं म्हणून चाळीस पावलं चाललो, तं वाक तिथून पुढं सरकलेला. म्हटलं, म्हणजे एकाच जागी नाई, सगळीकडून खाल्ला लेकाच्यानं. आठवड्याआधीच कादरनं धाड गावाहून ट्रॅक्टर बोलावून नांगरट करून घेतली होती. माह्या डोक्यात सगळं बराबर जुळलं.

आमचा दोघायचा एक नेम होता. रोज चार वाजता कडुलिंबाखाली बसायचं. चहा त्याच्या घरचा, चांदबी वहिनीच्या हातचा, अद्रक घातलेला, थर्मासमध्ये. फुटाणे माह्या घरचे. तो तिकडच्या मुळीवर बसायचा, मी इकडच्या, समोरासमोर. भांडणं झाली, लग्नं झाली, मयती झाल्या, पण चारचा चहा कधी चुकला नाई. त्या दिवशी तो चहा ओतून राह्यला होता अन् मी बसलोच नाई.

"कादर, तुह्या ट्रॅक्टरवाल्यानं धुरा कोरला बे."

तो हसला. "ऊन लागलं काय बे तुले?"

"दात काढू नको. तिकडं पाह्य."

तो गुडघ्यावर हात ठेवून उठला, डोळ्यावर हात धरून नीट पाह्यलं. "सीधा तं आहे."

"याले सीधा म्हणतं तू?"

"वामन, अल्ला कसम, सीधा आहे."

आता इथं गप बसावं का नाई माणसानं? पण माही जीभ. मी म्हटलं, "कसमा खाऊ नको. चाळीस वर्षं सरळ राह्यला अन् म्हातारपणी तुले जमिनीची हाव सुटली." त्याच्या हातातला कप तसाच राह्यला. त्यानं चहा पुन्हा थर्मासात ओतला, झाकण फिरवलं, अन् निघून गेला. मी एकटाच फुटाणे खात उभा राह्यलो. सगळे खाल्ले.

घरी आलो तं कोकिळानं ऐकून घेतलं अन् कपाळावर हात मारला. "अजी, आधी डोळे दाखवून या."

"डोळ्याले काय झालं?"

"काय झालं? चहा बशीत ओतता ओतता खाली सांडता. दिनदर्शिकेतली तिथी मले विचारता. परवा दारात मी उभी होती तं म्हणे, काय तानाबाई, साखर पायजे का? मी काय तानाबाई दिसते काय?"

तानाबाई म्हणजे आमची शेजारीण. ते खरं होतं, तसं झालं होतं. पण मी म्हटलं, "अवं, मोतीबिंदू असन. पिकू दे. पिकला की शिबिरात जाऊन काढून टाकू." आमच्याकडं सगळे असंच म्हणतात. कच्चा मोतीबिंदू कोणी काढत नाई, आंब्यासारखा पिकायची वाट पाहतात. माह्या बापानंही पिकवूनच काढला होता. डोळ्यात पिकणारं दुसरंही काही असू शकतं, हे मले कोणी सांगतलं नव्हतं. अन् सांगतलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हेही खरं आहे.

तेव्हापासून माह्या जिवाले थारा राह्यला नाई. सकाळी वावरात, दुपारी वावरात, दिवस बुडता पुन्हा वावरात. पावलं मोजायचो. तुराट्या रोवून पाहायचो, तं रोवलेल्या तुराट्यायची रांगही वाकडी. म्हटलं, वाकड्या धुऱ्याच्या बाजूनं रोवल्या तं वाकड्याच दिसतीन की! घरी येऊन जेवायले बसायचो अन् अर्ध्या भाकरीवरून उठायचो. माहा पोरगा गोपाल, सगळी शेती आता तोच पाहतो, तो म्हणे, "बाबा, धुऱ्याले काही झालं नाई." मी म्हटलं, "तू तं दर ईदले त्यायच्या घरची बिर्याणी हाणून येतं, तुले कसं दिसन?"

चार वाजले की पाय आपोआप कडुलिंबाकडं वळायचे. कादर यायचा नाई. तो त्याच्या विहिरीजवळ बसायचा, माह्याकडं पाठ करून, एकटाच चहा प्यायचा. मीही त्याच्याकडं पाठ करून बसायचो. दोन म्हातारे, दोन वावरं, दोन पाठी. लोकायले तमाशाच भेटला होता. बसस्टँडवर उत्तमरावची चहाची टपरी आहे. तिथं गेलं की उत्तमराव डिवचायचाच, "काय वामनभाऊ, किती इंच गेली आज?" मी तिथंच सगळ्यायसमोर सांगून टाकलं की सरकारी मोजणी आणतो, अन् चोर कोण ते गावासमोर दाखवतो. चोर हा शब्द मी वापरला. दुसऱ्या दिवशी चिखलीले, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन तातडीच्या मोजणीचा अर्ज देऊन आलो.

वैशाखातली गोष्ट. एका सकाळी वावरात गेलो तं धुऱ्यावर ताजी माती. कोणीतरी कुदळ-फावडं घेऊन मधातला चांगला दीडशे फुटायचा धुरा हलवला होता. कुदळीचे घाव दिसत होते, उपटलेलं गवत बाजूले पडलं होतं. माह्या अंगाचा तिळपापड झाला. कडुलिंबाखाली जाऊन पाह्यलं, तं धुरा आताही फुगलेलाच, माह्याच वावरात. मी ओरडतच घरी आलो. "आता तं पुरावाच भेटला! भर सकाळी धुरा उकरला त्यानं!"

गोपाल तोंड धूत होता. तो म्हणे, "बाबा, नीट ऐका. कादरचाचानं धुरा हलवला, हाव. पण त्याच्या बाजूले हलवला. आपल्याले जागा दिली त्यानं. बाबाले सांगू नको म्हणे तो मले, पण सांगतो."

"दिली? मंग मले काऊन अजून वाकडा दिसून राह्यला?"

गोपालले उत्तर सुचलं नाई. अन् ज्याले उत्तर सुचत नाई तो खोटा, असा माहा न्याय. मी त्याले त्या दिवशी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाई. पोरगं टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेलं. कोकिळा चुलीजवळून एवढंच म्हणाली, "एकेकाले घालवून द्या. मंग बसा धुरा पाहत." मले राग आला, पण खरं सांगतो, त्याच्या मागं भीतीही वाटली. काय होऊन राह्यलं ते समजत नव्हतं. घराची चौकट वाकडी दिसायची, विजेचा खांब मधात मोडल्यासारखा दिसायचा. मी कोणाले बोललो नाई. वाटायचं, रागानं डोकं फिरलं असन.

मोजणी लागली ज्येष्ठात, पेरणीच्या आठ दिवस आधी. भूमिअभिलेखचा प्रसेनजित नावाचा शांत माणूस आला, काठीवर बसवायचं मशीन घेऊन. अर्धं गाव गोळा झालं. उत्तमरावनं टपरी बंद ठेवली, एवढं कौतुक. कादरही आला, पांढरी टोपी, हात मागं बांधून. माह्याकडं एकदा पाह्यलं, मी मान फिरवली.

प्रसेनजितनं दोन्ही दगड तपासले. म्हणे, दगड जागच्या जागी आहेत, नकाशाशी जुळतात. मंग एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत लाल झेंड्या रोवत गेला. सगळं झाल्यावर कपाळाचा घाम पुसून माह्याकडं आला.

"काका, धुरा मधे वाकडा आहे, हे तुमचं बरोबर आहे."

मी छाती फुगवून लोकांकडं पाह्यलं. "ऐकलं का रे?"

"पण तो कादरभाईंच्या वावरात गेलेला आहे. दीडशे फुटांत अडीच फूट. म्हणजे त्यांची जागा तुमच्याकडे निघते."

मंग उत्तमराव हळूच म्हणाला, पण सगळ्यायले ऐकू जाईल असं, "म्हणजे वामनभाऊनंच कोरला म्हणा की."

शहात्तर वर्षांत पहिल्यांदा माह्या नावासोबत तो शब्द आला. माह्या पायाखालची जमीनच सरकली. गोपाल काही सांगायले पुढं आला, पण त्याले बोलू न देता मी ओरडलो, "मशीन खोटी आहे! माह्या डोळ्यानं दिसते मले! गोपाल, दोरी आण!" विहिरीवरची नायलॉनची दोरी होती, तिले दुसरी जोडली. गोपालनं एक टोक कडुलिंबाजवळच्या दगडाले बांधलं. दुसरं टोक घेऊन उगवतीच्या दगडाकडं कोणी जावं, तं कादरच गेला. मी कडुलिंबाजवळून पाहून राह्यलो होतो.

"ताण!"

कादरनं ताणली. दोरी मधात वाकडीच.

"ढिली आहे! अजून ताण!"

"बाबा, तट्ट झाली," गोपाल म्हणाला.

"ढिली आहे म्हणतो ना मी! ताण बे कादर, जीव नाई का हातात?"

त्या म्हाताऱ्यानं दोन्ही पाय रोवून, मागं झुकून, दोरी हाताले गुंडाळून ताणली. प्रसेनजित माह्याजवळ आला अन् बोटानं दोरी छेडली. पिंजाऱ्याच्या धनुकलीच्या दोरीसारखी वाजली ती. मी वाकलो, दोरीवर हात ठेवला. हाताले ती ताठ, लोखंडाच्या सळईसारखी. मी तसाच हात तिच्यावरून सरकवत चालत गेलो. हात सरळ जाऊन राह्यला होता, अन् डोळा म्हणे वाकडं चाललं. इथं मले पहिल्यांदा घाम फुटला. ताणलेली दोरी वाकडी कशी असन? शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, एवढं तं मले कळते.

चालत चालत मी कादरपर्यंत पोचलो. त्यानं दोरी सोडली. त्याच्या पंज्याची सालटी निघाली होती, रक्त आलं होतं. त्यानं हात कुर्त्याले पुसला, माह्याजवळ आला अन् माह्या डाव्या डोळ्यावर तो पंजा ठेवला.

"वामन, माह्याकडं पाह्य. काय दिसते?"

मले टोपी दिसली. दाढीचं टोक दिसलं, कुर्त्याची गुंडी दिसली. मधात काहीच नव्हतं. धुरकट डाग, अन् त्याच्या कडेनं सगळं वितळल्यासारखं.

"कादर," मी म्हटलं, "तुह्यं तोंड कुठं गेलं बे?"

त्यानं हात काढून उजव्या डोळ्यावर ठेवला. तं तोंड आलं. कादरचंच तोंड, दोन महिन्यांत किती उतरलं होतं! अन् तो रडून राह्यला होता, सगळ्या गावासमोर. "मले वाटलं तू माह्यावर चिडला," तो म्हणाला. "मले काय माहीत, तुले दिसतच नाई." रोज चार वाजता आम्ही समोरासमोर बसलो असतो तं पहिल्याच आठवड्यात हे कळलं असतं. मी दोन महिने त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं चिखलीवरून संभाजीनगरले निघालो. गोपाल येतो म्हणे, मी म्हटलं नको, कादर आहे. गाडीत कंडक्टर आला तेव्हा कादर म्हणे, "तुह्यं फुकट, माह्यं अर्धं. पंच्याहत्तरी गाठायची लय घाई केली बे तू." तो मले हसवून राह्यला होता, अन् मी एकेक डोळा झाकून खिडकीबाहेरचे खांब पाहून राह्यलो होतो.

दवाखान्यातल्या मॅडम पोरीच्या वयाच्या. त्यायनं डोळ्यात औषध टाकलं, मशीनसमोर हनुवटी ठेवायले लावली, मागच्या पडद्याचे फोटो काढले. मंग एक कागद हातात दिला. त्यावर उभ्या-आडव्या रेघा, मधात एक ठिपका. मले हसूच आलं. आम्ही कपाशी लावताना वावरात अशाच उभ्या-आडव्या रेघा पाडतो, चौफुली म्हणतो त्याले, अन् जिथं रेघ रेघेले कापते तिथं सरकीचं बी मातीत टोबतो. उजव्या डोळ्यानं पाह्यलं तं मधातल्या सगळ्या रेघा पिळवटलेल्या.

"हे वावर कोण्या दारुड्यानं पाडलं, मॅडम?"

"आजोबा, रेघा सरळ आहेत."

मंग त्यायनं समजावून सांगतलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अगदी मधात मोहरीएवढी जागा असते. सरळ समोरचं, बारीक, माणसाचं तोंड, अक्षर, सगळं त्या मोहरीएवढ्या जागेनं दिसतं. वय झालं की तिच्या खालचा थर झिजतो, पिवळे कण साचतात. काही लोकायचं तेवढ्यावरच राहतं. काहींच्या पडद्याखाली कच्च्या नसा फुटतात अन् पाझरतात. "भिंतीला ओल आली की गिलावा फुगतो ना, तसा तो पडदा फुगतो. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. तुमचा उजवा डोळा जोराचा, त्यामुळे त्याचं वाकडं डाव्याच्या सरळवर चढलं. हा मोतीबिंदू नाही. हा पिकायची वाट पाहायची नसते." बिडी ओढता का, विचारलं. मी हाव म्हटलं. त्यायनं फक्त मान हलवली.

"पहिल्यांदा वाकडं कधी दिसलं?"

"चैत्रात."

त्यायनं हातातला पेन खाली ठेवला. "त्याच आठवड्यात आला असता, तर..."

"तं काय? पुरं बोला."

"तर पुष्कळसा वाचला असता. आता मधे वण पडला आहे. उजव्यात इंजेक्शनं देऊ, उरलंय ते राखायला. पण मधली जागा परत येणार नाही."

माहा एक डोळा मी मोजणीच्या अर्जात घालवला होता. दोन महिने मी सगळ्यायले वाकडं म्हणत फिरलो, अन् वाकडं माह्याच डोळ्यात होतं. कादरनं टेबलाखालून माहा हात धरला, त्या सालटलेल्या पंज्यानं.

"अन् डावा?" त्यानंच विचारलं.

मॅडम म्हणाल्या, डाव्यातही पिवळे कण आहेत, पाझर नाई. पण कधीही सुरू होऊ शकतो. हा कागद भिंतीला लावा. रोज सकाळी एक डोळा झाकून पाहा. ज्या दिवशी रेघ वाकली त्याच दिवशी निघा. "दुसऱ्या दिवशी नाही हं. त्याच दिवशी."

डोळ्यात सुई म्हटल्यावर माही तं गाळणच उडाली होती. पण ते औषध टाकून बधिर करतात, चिमटीएवढंही दुखलं नाई. दुखलं ते दुसरंच. येताना गाडीत मी कादरले विचारलं, "धुरा कायले हलवला होता बे?"

तो खिडकीबाहेर पाहून राह्यला होता. "तुले सीधा दिसावा म्हणून. म्हटलं, अडीच फूट गेली तं गेली. चार वाजताचा चहा तं सुरू होईन."

डोळ्यावर पट्टी होती, म्हणून रडताही आलं नाई धड.

पट्टी सुटल्यावर डॉक्टरीणबाईनं वाकू नका म्हटलं होतं तेवढे दिवस कसेबसे काढले अन् मी कुदळ घेऊन वावरात गेलो. कादर धावत आला. "राहू दे ना यार. कोणाले पाह्यचं आहे?"

"मले पाह्यचं आहे," मी म्हटलं. "डावा आहे तोवर मले तो सरळ झालेला पाह्यचा आहे. अन् उत्तमरावच्या टपरीवर माह्या नावानं जे चाललं ते वेगळंच." झेंड्या अजून होत्या. मी उकरत गेलो, गोपाल माती ओढत गेला, कादर नुसता शिव्या देत बाजूनं चालत गेला, पण शेवटी त्यानंही फावडं घेतलंच. काम झाल्यावर मी कडुलिंबाखाली उभा राह्यलो, उजव्या डोळ्यावर हात ठेवला अन् पाह्यलं. दगडापासून दगडापर्यंत सरळ. मी तिथंच खाली बसलो. मंग टपरीवर गेलो अन् सगळ्यायसमोर सांगतलं की चोर म्हटलं होतं, ते तोंड माह्यं खोटं. उत्तमरावनं चहा दिला. मी म्हटलं, माहा चहा चार वाजता असतो, कडुलिंबाखाली.

चौफुलीचा कागद कोकिळानं खळ लावून दारामागं चिकटवला. रोज सकाळी ती बाजूले उभी राहून हजेरी घेते. "झाका. आता सांगा. सगळ्या सरळ?" "सरळ." "खोटं तं नाई बोलून राह्यले?" "तुह्यी शपथ." पण सकाळच्या एका वेळेनं माह्यं भागत नव्हतं. दिवसातून वीस वेळा उजवा डोळा झाकून मी चौकट पाहायचो, खांब पाहायचो, विजेची तार पाहायचो, कपाशीचं तास, म्हणजे ओळ, पाहायचो. जेवताना ताटाची कड पाहायचो. तीन इंजेक्शनं झाली, बिडी सुटली, पण धाकधूक सुटली नाई. कादर म्हणे, "अबे, असा पाहत राह्यला तं चांगला डोळाही घाबरून जाईन."

पोळा झाला. कपाशीची पऱ्हाटी कमरेले लागली होती, चौफुलीवरची, दोन्हीकडून तासं मोकळी. चार वाजता आम्ही कडुलिंबाखाली बसलो होतो. तो तिकडच्या मुळीवर, मी इकडच्या. सकाळी कागदावर सगळं ठीक होतं, निदान मले तसं वाटलं होतं. कादर चांदबी वहिनीच्या गुडघ्याचं काहीतरी सांगत चहा ओतून राह्यला होता. मी सवयीनं उजव्या डोळ्यावर हात ठेवला अन् धुऱ्याकडं पाह्यलं.

मधात, जरासाच, तो आत वळला होता.

डोळा मिटला, उघडला. पुन्हा पाह्यलं. वळलेलाच. नजर पुढं नेली तं वाकही पुढं सरकला. अन् खोटं कायले बोलू, पहिल्या झटक्याले माह्या मनात जुनंच आलं, की कोणीतरी कोरला! जन्माची खोड आहे, ती कुठं जाते? दुसरं मनात आलं की गप राहावं, उद्या पाहू, उन्हानं दिसलं असन. तोंड उघडलं की खरं होईन, असं वाटलं. मी कादरकडं पाह्यलं. तोंड दिसलं त्याचं, दाढी, डोळे, सगळं. कडेले जरासं हललं.

"कादर."

"हं?"

"धुरा वाकडा दिसून राह्यला."

त्यानं धुऱ्याकडं ढुंकूनही पाह्यलं नाई. दोन्ही कपातला चहा मातीत फेकला, थर्मासचं झाकण फिरवलं, अन् उठून माह्यापुढं हात केला.

"चाल ऊठ. साडेचारची चिखली गाडी सापडन."

मी त्याचा हात धरला अन् आम्ही निघालो.